दूरचित्रवाणी मालिकेचा कथाप्रस्ताव : कल्पना, मांडणी आणि नवलेखक

मालिकालेखनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : 'कल्पना सांगितली आणि त्यांनी ती परस्पर वापरली, तर?' ही शंका अनाठायी नाही. कादंबरी लिहून पूर्ण झाल्यावर प्रकाशकाकडे जाते. मालिका मात्र लिहिण्यापूर्वीच, केवळ प्रस्तावरूपाने, निर्मितीसंस्थेपुढे किंवा वाहिनीपुढे मांडावी लागते. सांगितल्याखेरीज ती स्वीकारली जात नाही आणि सांगितल्यावर ती लेखकाच्या एकट्याची उरत नाही.

कायदा प्रथमदर्शनी लेखकाला निराश करतो. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांच्या साम्यावरून झालेल्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले की, कल्पना, विषय वा कथासूत्र यांवर स्वामित्वहक्क नसतो. तो अभिव्यक्तीवर असतो.

तथापि, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेले झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स हे प्रकरण नवलेखकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. सनडायलने 'क्रिश कन्हैया' या मालिकेची संकल्पना वाहिनीपुढे मांडली होती. पुढे 'कन्हैया' नावाची मालिका आली. बाळकृष्ण ही कोणाचीच मालमत्ता नव्हे, हे उघड आहे. परंतु पुरेशी विकसित झालेली संकल्पना विश्वासाने सांगितली गेली असेल, तर ती ऐकणाऱ्याने परस्पर वापरणे हा विश्वासभंग ठरतो, ही भूमिका घेऊन न्यायालयाने मनाईहुकूम कायम ठेवला.

येथे 'विकसित' हा शब्द कळीचा आहे. 'सांगलीची एक मुलगी वडिलांची हळदीची अडतपेढी चालवते' ही झाली केवळ कल्पना. पेढी वाचवणारे कर्ज तिच्या भावी सासऱ्यानेच दिले आहे, हे तिला लग्नानंतर कळते. ते फेडेपर्यंत ती ना माहेरची मालकीण, ना सासरची सून, असे म्हटले की संघर्ष आकार घेतो. आठवड्यातून पाच-सहा दिवस चालणाऱ्या मालिकेला असा लवकर न संपणारा संघर्षच लागतो. म्हणून प्रस्तावात दोन-तीन ओळींचे कथासूत्र, पात्रांचे परस्परसंबंध, आरंभीच्या भागांचा कथाप्रवास आणि एखादा संवादासह लिहिलेला प्रसंग असावा. आपल्या वर्गांत एकांकिका लिहून घेतली जाते, प्रस्ताव क्वचितच. वस्तुतः लेखकाच्या हाती असलेले संरक्षण याच कागदांत असते.

मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद-लेखकाला लेखनाची नोंदणी करता येते. तीमुळे हक्क निर्माण होत नाही. अमुक दिनांकास अमुक मजकूर अस्तित्वात होता, एवढा पुरावा मात्र मिळतो. बैठकीनंतर त्याच दिवशी, काय सादर केले याचा उल्लेख करून ईमेल पाठवणे हेही तितकेच उपयुक्त असते. काही संस्था वाचनापूर्वीच, 'यासारखी संकल्पना आमच्याकडे असू शकते', अशा आशयाच्या संमतिपत्रावर सही घेतात. पुढे विश्वासभंगाचा दावा करताना याच सहीची अडचण होऊ शकते. म्हणून त्या पत्रातील प्रत्येक कलम सही करण्यापूर्वी वाचावे आणि त्याची प्रत मागून घ्यावी.