‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे नेमके काय?
यवतमाळ : फेब्रुवारीत हरभरा सोंगणीला येतो आणि नेमका तेव्हाच ‘तुरळक ठिकाणी पावसाचा’ अंदाज येतो. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. त्यामुळे पुसदला सरी कोसळल्या आणि वणी कोरडे राहिले, तरी अंदाज चुकला असे नाही.

बंगालच्या उपसागरावरून आलेले बाष्प उत्तरेकडील कोरड्या वाऱ्यांना भिडले, की विदर्भात ढग जमतात. दिवसाचा पारा उतरतो, रात्रीचा मात्र चढतो.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. म्हणून ‘यलो अलर्ट’ दिसताच सोंगलेल्या हरभऱ्याची गंजी ताडपत्रीने झाका. विजा कडाडत असतील, तर झाडाखाली थांबू नका.