११३ वर्षांनी कॅमेऱ्यात

२५ नोव्हेंबर १९९७ ची सकाळ. शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ जंगलात पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे परदेशी पक्षीवेडे एक घुबड शोधत हिंडत होते. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं; नंदुरबार वेगळं व्हायला अजून सात महिने होते. आणि ते दिसलं! चांगलं उजाडलेलं असताना, झाडावर उघडंच बसलेलं. माथ्यावर नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नाहीत, पायांवर पांढरी दाट पिसं. कॅमेरे सुरू झाले. रानपिंगळ्याचं जिवंतपणीचं हे पहिलंच चित्रण. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता.

मग इतकी वर्षं सापडला का नाही? इथे गोष्ट चक्क चोरीची होते. तापीकाठच्या गुजरातेतल्या मांडवीला १९१४ मध्ये आपण हा पक्षी मारला, असा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश कर्नलाचा दावा होता. रासमुसेन यांनी त्याचा नमुना तपासला. आत पेंढा भरण्याची आणि शिवण्याची तऱ्हा निघाली जेम्स डेव्हिडसनची! डेव्हिडसन हा खानदेशातला इंग्रज अधिकारी. त्याने १८८० च्या दशकात इथेच रानपिंगळे टिपले होते. कर्नलसाहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून त्यातलाच एक लांबवून त्यावर स्वतःची चिठ्ठी चिकटवली होती. लष्करी शौर्याचा हा प्रकार मला तरी नवीन आहे. मांडवीची खोटी नोंद बाद झाली, तेव्हा खऱ्या जागा उरल्या: पूर्वेकडे आजच्या छत्तीसगड-ओडिशाचा भाग, आणि खानदेश. पूर्वेकडे काही मिळालं नाही. खानदेशाने दिलं.

संग्रहालयातल्या मेलेल्या कातड्यांवरून रंग कळत होते, वागणं नाही. जिवंत पक्षी बघितल्यावर कळलं, की हा दिवसाढवळ्या सरडे-उंदीर पकडतो आणि शेपूट डावी-उजवीकडे झटकतो. पिंगळा म्हणजे रात्रीचा जीव, या समजुतीला त्याने सुरुंगच लावला.

पुढे तो तोरणमाळला, मेळघाटात आणि जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही आढळला. २०१८ पासून जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ गटात आहे. यावलला गेलात तर सकाळी लवकर जा, दुरूनच चित्रण करा. मोबाइलवर त्याची हाक वाजवून त्याला बोलावू मात्र नका. आपल्या हद्दीत परका घुसला असं समजून तो उगाच धावत येतो.