शीव, हद्द आणि सीमा

मुलांनो, पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात लवळे नावाचे गाव आहे. खेडेगावात गावाच्या कडेला 'शीव' म्हणतात. संस्कृतमधील 'सीमा' हा शब्द बोलता बोलता झिजला आणि त्याची शीव झाली. दुसरा शब्द 'हद्द'. तो मूळचा अरबी. तुमच्या उर्दूत तो 'हद' असतो. उर्दू गणितात जिला हद म्हणतात, तीच मराठी गणितातील सीमा.

समजा, लवळ्यातील एका खोल विहिरीत आपण खडा सोडला. सेकंदांचा वर्ग करून त्याला 5 ने गुणले, की खडा सुमारे तितके मीटर खाली गेलेला असतो. म्हणजे 1 सेकंदानंतर 5 मीटर. नेमक्या त्या क्षणी त्याचा वेग किती?

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. पण एका क्षणात अंतरही शून्य आणि वेळही शून्य! शून्याला शून्याने भागता येत नाही. (तरी वर्गात कोणीतरी 'उत्तर एक' असे सांगतोच.)

म्हणून थोडा वेळ घेऊन पाहू. 1 ते 1.1 सेकंद या काळात सरासरी वेग 10.5 येतो. 1 ते 1.01 मध्ये 10.05 आणि 1 ते 1.001 मध्ये 10.005. आता अलीकडून या. 0.9 ते 1 मध्ये 9.5, तर 0.99 ते 1 मध्ये 9.95. दोन्ही बाजूंनी संख्या 10 कडेच सरकतात. 10 ही त्यांची सीमा. त्या क्षणाचा वेग सेकंदाला 10 मीटर.

"सर, पोहोचायचेच नाही तर जवळ कशाला जायचे?" एका मुलाने मला विचारले. प्रश्न रास्त होता. पुढचा काळ 'ह' सेकंद मानला, तर सरासरी वेग 10 + 5ह येतो. हा वेग 'ह'चे फलन आहे. कोणी म्हणाले, "10 पासूनचा फरक एक हजारांशाहून कमी करून दाखवा." तर ह 0.0002 पेक्षा लहान घ्या, झाले! फरक कितीही लहान मागा, तो देता येतो. 10 सोडून दुसरी कोणतीही संख्या या परीक्षेत उतरत नाही.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांची 'तात्कालिक' गती सांगितली. सीमेची व्याख्या मात्र त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने 1587 मध्ये केले.

सीमा प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही. एस.टी.चे भाडे टप्प्याटप्प्याने वाढते. टप्प्याच्या टोकाशी अलीकडून आलात तर भाडे एक, पलीकडून आलात तर दुसरे. दोन्ही एका संख्येकडे जात नाहीत, म्हणून तेथे सीमा नाही.