येडशीत मुक्काम, बालाघाटात भटकंती. पण नळदुर्गला केव्हा जायचे?

धाराशिव म्हटले की तुळजाभवानी आणि दुष्काळ, एवढेच अनेकांना आठवते. पण बालाघाटची डोंगररांग याच जिल्ह्यातून जाते आणि पावसाळ्यात ती हिरवीगार होते. मुक्कामाला येडशी सोयीची. सोलापूर-धुळे महामार्ग जवळ, रेल्वे स्थानकही आहे.

येडशीच्या अभयारण्यात, दरीच्या तळाशी रामलिंग मंदिर आहे. पायऱ्या उतरून जायचे. चांगला पाऊस झाला की ओढा मंदिराला वळसा घालून वाहतो आणि धबधबा कोसळतो. रावणाशी लढताना जटायू इथे पडला, अशी श्रद्धा. माकडे धीट आहेत, खाऊची पिशवी सांभाळा.

संत गोरोबाकाकांचे तेर हे प्राचीन 'तगर'. रोमशी व्यापार करणाऱ्या या नगरीचे अवशेष तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहेत.

नळदुर्गसाठी मात्र वेगळा दिवस ठेवा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा बांधला गेला. त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. पाणी भिंतीवरून नर आणि मादी या दोन सांडव्यांतून खाली झेपावते, महालात बसलेला माणूस कोरडाच राहतो. चारशे वर्षांपूर्वीचे हे स्थापत्य खरोखर थक्क करणारे.

अडचण एकच. वरचे बोरी धरण भरून वाहू लागले तरच धबधबे सुरू होतात. कमी पावसाच्या वर्षी फक्त दगडी भिंत दिसते. त्यामुळे धरण भरल्याची बातमी आल्यावरच निघा. शेवाळलेल्या कठड्यावर सेल्फी टाळा.