युरोपातील नियमबद्ध जीवन : शिस्त की जाच?

ज्यास आपण नोकरशाही म्हणतो, त्या व्यवस्थेचे ‘ब्यूरोक्रसी’ हे नाव अठराव्या शतकात फ्रान्समध्ये उपहासाने जन्मास आले. ‘ब्यूरो’ म्हणजे लेखनाचे मेज. त्यास जोडलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ सत्ता. मेजाचे राज्य! हे राज्य आता घराच्या उंबरठ्याआड येऊन पोहोचले आहे, अशी तक्रार खुद्द युरोपातच वारंवार ऐकू येते. ती कितपत खरी आहे, याचा काही उदाहरणांच्या आधारे विचार करू.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. तेथे नव्या घरी राहावयास गेलेल्या माणसाने दोन आठवड्यांच्या आत सरकारी कचेरीत आपला पत्ता नोंदविला पाहिजे आणि सोबत घरमालकाचा लेखी दाखलाही दिला पाहिजे. रविवारी बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद असतात. परक्या माणसास हा सारा जाच वाटला, तर नवल नाही.

तथापि नियमाचा जाच दिसतो, त्यामागील कारण सहसा दिसत नाही. रविवारचेच पाहा. १९१९ च्या जर्मन राज्यघटनेने हा दिवस विश्रांतीसाठी राखून ठेवला आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसेच्या तसे स्वीकारले. पुढे नाताळपूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची मुभा बर्लिन राज्याने दिली. परंतु २००९ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने ती अवैध ठरविली. गिऱ्हाइकाची थोडी गैरसोय होते खरी. पण त्यामुळेच दुकानातील नोकरास आपल्या मुलांबरोबर एक दिवस घालविता येतो. एकाचे बंधन ते दुसऱ्याचे स्वातंत्र्य होय.

सर्वच नियमांचे असे समर्थन करता येणार नाही. युरोपीय समुदायाने १९८८ मध्ये काकडीच्या वक्रतेविषयी नियम केला. उत्तम प्रतीच्या काकडीस दहा सेंटिमीटर लांबीमागे दहा मिलिमीटरपेक्षा अधिक बाक असता कामा नये! पेटीत किती काकड्या मावतील हे व्यापाऱ्यास न उघडता कळावे, हा हेतू अगदीच निरर्थक नव्हता. पण लोकांनी या नियमाची इतकी थट्टा केली की तो नोकरशाहीच्या अतिरेकाचे प्रतीकच बनला. अखेर १ जुलै २००९ पासून तो रद्द झाला. त्याचप्रमाणे, जर्मन नागरिकाने स्वदेशातील हॉटेलात उतरताना नोंदणीपत्रक भरण्याची जुनी सक्ती २०२५ च्या आरंभापासून उठविण्यात आली.

येथवर प्रश्न सोयी-गैरसोयीचा होता. परंतु नोंदवहीचा एक इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. नेदरलँड्स देशाने १९३६ पासून प्रत्येक रहिवाशाचे व्यवस्थित पत्रक ठेवण्यास आरंभ केला. त्यात धर्माचीही नोंद असे. हेतू केवळ कारभाराच्या सोयीचा होता. पण १९४० मध्ये हिटलरच्या सैन्याने तो देश जिंकला आणि ज्यू नागरिक शोधून काढण्यास तीच पत्रके उपयोगी पडली. तेथील सुमारे एक लक्ष चाळीस हजार ज्यूंपैकी एक लक्षाहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ रोजी काही देशभक्तांनी पोलिसांचा वेष घेऊन ॲम्स्टरडॅम येथील नोंदणी कार्यालयास आग लावली. चित्रकार व लेखक विलेम आरोंडेयस हे त्यांच्या अग्रभागी होते. त्यांच्यासह बारा जणांना पुढे गोळ्या घालण्यात आल्या. कागदाची काही पत्रके जाळण्यासाठी माणसे प्राण देतात, तेव्हा ती केवळ पत्रके उरलेली नसतात.

युद्धानंतरच्या युरोपास या आठवणीचा विसर पडला नाही. जर्मनीतील हेस या राज्याने १९७० मध्ये नागरिकांच्या माहितीचे संरक्षण करणारा जगातील पहिला कायदा केला. १९८३ मध्ये तेथील शिरगणतीविरुद्ध लोक न्यायालयात गेले, तेव्हा स्वतःच्या माहितीचा उपयोग कसा व्हावा हे ठरविण्याचा अधिकार मूलतः व्यक्तीचाच आहे, असा निर्णय मिळाला. २५ मे २०१८ पासून याच तत्त्वावरील कायदा साऱ्या युरोपीय संघास लागू झाला. आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे, हे नागरिकाने विचारले असता कचेरीस सामान्यतः उत्तर द्यावे लागते. म्हणजे हाही एक नियमच. मात्र तो मेजापलीकडे बसलेल्या अधिकाऱ्यास बांधणारा आहे.

तेव्हा युरोपातील जीवन अति नियमबद्ध आहे काय? काही बाबतींत निश्चितच आहे. परंतु केवळ नियमांची संख्या मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. नियमास ‘तू कशासाठी?’ असे सामान्य माणसास विचारता येते काय, आणि कारण संपले असता तो मागे घेतला जातो काय, हीच त्याची खरी कसोटी. काकडीचा नियम थट्टेने गेला. रविवारचा नियम न्यायालयात टिकला. दोन्ही प्रसंगी प्रश्न विचारणारे लोक होते. १९४० नंतरच्या नेदरलँड्समध्ये नोंदवही तीच होती. प्रश्न विचारण्याची सोय मात्र उरली नव्हती.