परवाने जास्त, म्हणून खून जास्त?

पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी एकच, चंडीगड. उच्च न्यायालय एकच, १९५९ चा शस्त्र कायदाही तोच. लोकसंख्येतही फार मोठे अंतर नाही. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकडेवारीनुसार पंजाबात सुमारे ३ लाख ५९ हजार शस्त्रपरवाने होते, हरियाणात १ लाख ४१ हजार. तरीही २०२२ मध्ये लाख लोकांमागे खुनांचे प्रमाण हरियाणात ३.४ आणि पंजाबात २.२ होते. उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाख परवाने, प्रमाण १.५, महाराष्ट्रात ८४ हजार परवाने, प्रमाण १.८. परवाने मोजून खुनांचा अंदाज बांधता येत नाही, एवढे तरी यातून उघड होते.

म्हणून बंदूक निरुपद्रवी ठरते का? तसे नाही. परवान्यांच्या यादीत गावठी कट्टा नसतो, आणि आपल्याकडे गोळी घालून केलेल्या बहुतेक खुनांत हत्यार बिनपरवानाच निघते. मुंगेरचे कट्टे किंवा चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून असलेल्या उमर्टीची पिस्तुले कुठल्याच जिल्हाधिकाऱ्याच्या दप्तरी नोंदलेली नसतात. शिवाय आपल्याकडचे बरेच खून चाकू, कोयता, काठीने होतात. ब्रिटनची गोष्टही काहीशी अशीच. डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये तिथे पिस्तुलांवर बंदी आली, पण खुनांचा एकूण आकडा लगेच उतरला नाही. पिस्तुलाने होणारे खून मुळातच थोडे होते. बंदीचे विरोधक हाच दाखला देतात. मात्र डनब्लेननंतर ब्रिटनमधल्या शाळेत तसे हत्याकांड पुन्हा झालेले नाही, हे त्या आकड्यात दिसणार कसे? बंदीचा हेतूच तो होता.

पंजाबातही मोजमापाचा हाच घोळ आहे. मे २०२२ मध्ये मानसा जिल्ह्यात गायक सिद्धू मूसेवालाचा टोळीने खून केला. त्याच नोव्हेंबरात सरकारने शस्त्रांच्या प्रदर्शनावर बंदी घातली आणि सगळ्या परवान्यांची फेरतपासणी काढली. टोळीचे मारेकरी परवाना काढून येत नाहीत, त्यामुळे अशा खुनांना याने आळा बसेल ही आशा भाबडी. पण डिसेंबर २०१६ मध्ये मौड मंडीच्या एका लग्नात गोळी लागून नर्तकी ठार झाली होती. तसे मृत्यू नेमके याच आदेशाने टळू शकतात. लग्नसमारंभात शस्त्र नेऊ देऊ नका, असे चंडीगडच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच बजावले होते. पंजाबात खांद्यावरची दुनाळी प्रतिष्ठेची, त्यामुळे आदेश निघणे सोपे, अंमल अवघड.

आपल्या बीडमध्येही डिसेंबर २०२४ मधल्या सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनानंतर परवाने तपासले गेले, काही रद्द झाले. गुन्हे नोंदलेल्यांना ते मिळालेच कसे, हा प्रश्न रास्तच होता. देशमुखांचा जीव मात्र गोळीने नव्हे, अमानुष मारहाणीत गेला होता.