नानांची मारुती आणि गाडीचे पासिंग



वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक फळ्यावर लागले की तुमच्या घरी जशी धांदल उडते, तशी आमच्या घरी आजवर दोनदा एका गाडीसाठी उडाली. गाडीचीही परीक्षा असते. आपल्या बडोद्यात तिला सगळे ‘पासिंग’ म्हणतात. पहिल्या परीक्षेत आमची गाडी पास झाली, पण जखमी होऊन घरी आली. दुसऱ्या वेळी एकही ओरखडा न पडता आली. ह्या दोन वेळांमध्ये आम्ही जे शिकलो, ते जुनी गाडी जपणाऱ्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची, पांढरी मारुती 800. जून 2003 मध्ये निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरासमोर तिची पूजा झाली, तेव्हा अर्धी गल्ली पेढे खायला जमली होती. आमच्या दोन्ही मुलांना स्नेहसंमेलनाच्या पोशाखात शाळेत पोचवले ते ह्याच गाडीने. आज बाजारात तिला फारशी किंमत येणार नाही, पण घरात तिचे मोल वेगळे आहे.

नियम काय सांगतो

मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे ती एका वेळी पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळते, पण त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. अर्ज नमुना 25 मध्ये करायचा असतो आणि तो मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी ह्या नूतनीकरणाचे शुल्क 5,000 रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपये करण्यात आले. उशीर झाल्यास दर महिन्याला 500 रुपये जादा पडतात. राज्याचा कर असेल तर तो वेगळा.

हे पैसे वाचवण्यासाठी मुदत संपलेली गाडी तशीच फिरवणारे लोक आहेत. ते करू नये. ते बेकायदा तर आहेच, शिवाय अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो.

पहिले पासिंग : 2018

त्या वर्षी आम्ही जागे झालो तेव्हा मुदत संपायला चार दिवस उरले होते. गाडी एका गॅरेजात टाकली आणि “पास करून द्या” एवढेच सांगितले. गाडी पास झाली. पण घरी आल्यावर नाना वाकून दरवाजाखालच्या पट्टीवरून हात फिरवू लागले. ब्रेक पाहण्यासाठी गाडी उचलताना जॅक भलत्याच जागी लावला होता. पत्रा आत दबला होता आणि रंगाला तडा गेला होता. नाना काही बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात त्या तड्यातून पाणी शिरले आणि दोन वर्षांत तिथे गंज धरला. पट्टी कापून नवीन पत्रा जोडावा लागला.

दोष कोणाचा? गॅरेजवाल्याचा थोडा, आमचा जास्त. घाईच्या कामात गाडी कुठे उचलायची हे त्यांनी पाहिले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

दुसरे पासिंग : 2023

ह्या वेळी दोन महिने आधी तयारीला लागलो. मुलगी तेव्हा आठवीत होती. तिने वहीत यादी केली. तीच यादी थोडक्यात देतो.

1. जॅकची जागा. गाडी उचलण्याच्या ठरलेल्या जागा असतात आणि त्या गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेल्या असतात. आमच्या गाडीत त्या पट्टीच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे व मागच्या चाकाच्या पुढे आहेत. मुलीने तिथे रंगीत चिकटपट्टी लावली. मोठा जॅक वापरणार असतील तर मध्ये रबराचा जाड तुकडा ठेवायला सांगावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली पक्के स्टँड हवेतच.

2. चॅसिस नंबर. निरीक्षक पत्र्यावर कोरलेल्या नंबरचा कागदावर पेन्सिलीने ठसा घेतात. जुन्या गाडीत त्यावर गंज आणि ग्रीस बसलेले असते. पुष्कळ लोक तिथे सँडपेपर किंवा कानस घासतात. ही सर्वांत महाग पडणारी चूक. आकडे पुसट झाले तर नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो. रॉकेलमध्ये भिजवलेले मऊ फडके हळूहळू फिरवावे, मग कोरडे पुसून तेलाचा हलका हात द्यावा. पेन्सिलीचा ठसा घेण्याआधी तेल पुन्हा टिपून घ्यावे.

3. टायर. मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी लागते. खोबणींच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा. नक्षी चांगली दिसली तरी बाजूला भेगा आहेत का ते पाहावे. कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधी वाळतात.

4. धूर. पी.यू.सी. चाचणी इंजिन चांगले गरम झाल्यावर करावी. थंड इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही आणि चांगली गाडीही नापास होते. एअर फिल्टर व स्पार्क प्लग आधी पाहून घ्यावेत.

5. दिवे, हॉर्न, वायपर, सीटबेल्ट. आदल्या दिवशी एकाने आत बसून एकेक चालू करावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाहावे. हे काम मुले उत्तम करतात.

6. धुणे. बाहेरून जरूर धुवा, पण इंजिनवर पाण्याचा जोरदार फवारा नको. वायरिंगमध्ये पाणी गेले की गाडी नेमकी निरीक्षकांसमोर बंद पडते.

आणखी एक सल्ला आम्हाला मिळाला होता : गाडीच्या बुडाला काळा रंग मारून घ्या, गंज दिसत नाही. मिस्त्रींनी तो मोडून काढला. ते म्हणाले, “रंग नंतर मारू. आधी खाली काय आहे ते तर बघू.” मग त्यांनी तारेच्या ब्रशने माती काढली, आणि मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी हाती आली. गंजाने ती इतकी खाल्ली होती, की एका जागी ओल दिसत होती. ते ब्रेक ऑइल होते.

आम्ही सगळे गप्प झालो. आदल्याच आठवड्यात ह्या गाडीतून आम्ही पाच जण पावागढला जाऊन आलो होतो. घाटाच्या उतारावर ती नळी फुटली असती तर? वरून काळा रंग दिला असता तर ती आम्हाला दिसलीच नसती. नळी बदलली, चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ केले, आणि मगच बुडाला गंजरोधक रंग दिला.

तपासणीच्या दिवशी

गाडी मी स्वतः नेली. निरीक्षकांना नम्रपणे सांगितले, “साहेब, गाडी वीस वर्षांची आहे. उचलायची झाल्यास चिकटपट्टी लावलेल्या जागीच उचलू द्या.” त्यांनी हसून मान डोलावली. उचलण्याची वेळच आली नाही. त्यांनी गाडी चालवायला लावली, ब्रेक मारायला लावले, दिवे पाहिले, ठसा घेतला.

आता यंत्रांनी तपासणी करणारी केंद्रेही उभी राहत आहेत. त्यांचे नियम 2021 मध्ये आले. तिथे ब्रेक तपासताना चाके फिरत्या रुळांवर ठेवतात. रूळ चाक फिरवतात, चालक ब्रेक दाबतो आणि डाव्या-उजव्या चाकांची पकड सारखी आहे का ते यंत्र मोजते. त्यासाठी टायरमधली हवा योग्य हवी, आणि ब्रेक धाडकन न मारता हळूहळू वाढवत दाबावा. गाडीची चारही चाके कायम इंजिनाला जोडलेली असतील, किंवा हँडब्रेक चाकांऐवजी मागच्या शाफ्टवर लागत असेल, तर हे आधीच सांगावे. अशा गाडीला रुळांवर इजा होऊ शकते. तिचा ब्रेक रस्त्यावर चालवून तपासावा लागतो.

पन्नाशी ओलांडलेल्या गाड्या

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. आपल्यापैकी अनेकांनी ते पाहिले असेल. पन्नास वर्षांवरील आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी ‘विंटेज’ नोंदणी आहे. ती दहा वर्षांसाठी मिळते. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्यांच्या घरी आजोबांची फियाट किंवा अँबॅसिडर उभी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आमची मारुती 2023 मध्ये पास झाली. संध्याकाळी नानांनी सवयीप्रमाणे पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “ह्या वेळी पेपर चांगला गेला.” पुढचे पासिंग 2028 मध्ये आहे. मुलीची वही जपून ठेवली आहे.

मित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्री चुका झाकण्याची युक्ती शोधण्यापेक्षा दोन महिने आधी चुका शोधलेल्या बऱ्या, हे तुमचे शिक्षक रोज सांगतात. आमच्या घरी ते एका गंजलेल्या नळीने शिकवले. आपल्या घरची गाडी, स्कूटर, मुलांना शाळेत आणणारी रिक्षा, ह्यांच्या पासिंगची तारीख आजच पाहून घ्या आणि कॅलेंडरवर दोन महिने आधी खूण करा, एवढीच विनंती.

— एक पालक